सावळीराम निरभवणे, कागदावर हेल्पर

सावळीराम निरभवणे हा चांगला वेल्डर आहे. हे एवढं एक वाक्य मी वेळेवर आणि योग्य जागी लिहिलं असतं, तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं टाइम ऑफिसात होतो. कामगारांची हजेरी, रजा, ओव्हरटाइम एवढंच लिहीत आलो. त्यापलीकडचं मला जमतं की नाही, माहीत नाही. पण सावळीरामबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही. आणि त्याच्याबद्दल जे काही आजवर लिहिलं गेलं, ते माझ्या अक्षरात आहे आणि खोटं आहे.

तो मूळचा नांदगाव तालुक्यातला. २००३ साली भावाच्या ओळखीने आमच्या ठेकेदाराकडे लागला, झाडलोट करायला आणि पत्रे उचलायला. आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या बनत. टाकीत तेल भरायचं असतं, म्हणून जोडाला सुईच्या टोकाएवढं भोकसुद्धा चालत नाही. जोडकाम झालं की टाकीत हवा भरायची, बाहेरून साबणाचं पाणी लावायचं आणि कुठे बुडबुडा येतो का बघायचं. भिमाजी म्हणून एक जुने वेल्डर होते. त्यांची दृष्टी कमी होत चालली होती आणि ते कंपनीला कळू द्यायचं नव्हतं. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सावळीरामच्या हातात वेल्डिंगचा होल्डर दिला. दीड वर्षात तो स्वतःच्या टाक्या जोडू लागला. पाचेक वर्षांत अवघड जोड त्याच्याकडेच जाऊ लागले. साबण लावणारा वाल्मीक म्हणायचा, "निरभवण्याची टाकी आली की माझा साबण फुकट जातो."

हजेरीपटात नावापुढे हुद्द्याचा रकाना असतो. सावळीरामच्या नावापुढे मी पहिल्या महिन्यात 'हेल्पर' लिहिलं, ते तेव्हा खरं होतं. दीड वर्षानंतरही मी हेल्परच लिहिलं. हेल्पर म्हणजे अकुशल, त्याची किमान मजुरी कमी. वेल्डर लिहिला तर कुशलची मजुरी द्यावी लागते. आमचाच ठेकेदार असं करायचा असं नाही. नवा माणूस कामावर आला की जुने त्याला दोन प्रश्न विचारायचे, "कागदावर काय आणि काम काय?" दोन्हींची उत्तरं एकच असली तर हसायचे. दर एक तारखेला मी नवा पट आखायचो आणि बावीस नावांपुढे हेल्पर लिहायचो. पुढे कॉम्प्युटर आला. पहिल्या दिवशी मी तेच टाइप केलं, मग ते दर महिन्याला आपोआप येत राहिलं.

कधीतरी सरकारी कामगार खात्याचा साहेब तपासणीला यायचा. आधी फोन यायचाच. मुकादम शेडमधून ओरडत जायचा, "झाडू घ्या रे, झाडू घ्या!" मग कागदावरचे सगळे हेल्पर हातातलं काम टाकून झाडू, नाहीतर ढकलगाडी घ्यायचे. साहेब माझ्या टेबलावर पट बघायचा, चहा घ्यायचा, शेडच्या दारातून आत नजर टाकायचा आणि जायचा. गाडी फाटकाबाहेर पडली की पुन्हा ठिणग्या उडायला लागायच्या. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही.

एकदा सावळीराम सुट्टीनंतर माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. मुलीच्या शाळेचा फॉर्म हातात होता.

"आप्पा, इथं वडिलांचा व्यवसाय लिहायचाय. काय लिहू?"

"नोकरी लिही."

"नोकरी तर समदेच लिहितात. वेल्डर लिहिलं तर चालंल का? नंतर कोणी चौकशीला आलं तर?"

"कशाला भानगड," मी म्हणालो. "नोकरी लिही."

त्याने माझंच पेन घेतलं आणि नोकरी लिहिलं. बाकी त्याने कधी काही मागितलं नाही. पगार वाढवा म्हणाला नाही. कोणी विचारलं तर सांगता यावं, आणि कागदानेही तेच सांगावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती मला तेव्हाच कळली होती.

मी २०१८ साली निवृत्त झालो. २०२२ मध्ये कंपनीने ठेकेदार बदलला आणि जुनी माणसं गेली. एकोणीस वर्षांनी सावळीराम बाहेर पडला तेव्हा त्याला दाखला मिळाला, 'हेल्पर या पदावर काम केले, वर्तणूक चांगली.' दुसऱ्या कारखान्यांत तो ट्रायल द्यायचा. जोड बघून सुपरवायझर खूश व्हायचे, मग ऑफिसात कागद मागितले जायचे. आयटीआय नाही. अनुभवाचा दाखला हेल्परचा. "हेल्परमध्ये घेतो, बघा," असं ऐकून तो परत यायचा. मग अंबड लिंक रोडला गेट आणि जाळ्या बनवणाऱ्या शेडमध्ये रोजाने जाऊ लागला.

तिथेच कोणीतरी त्याला परदेशाचं सांगितलं. त्रिमूर्ती चौकाच्या बाजूला रोहित नावाच्या एका एजंटचं ऑफिस होतं. सावळीराम एका संध्याकाळी माझ्याकडे आला, बरोबर बायको लताबाई आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद.

"पोलंड," तो म्हणाला. "थंडी लय हाय म्हणतात. पण आपल्याला काय, आपण जाळापाशी."

मी चष्मा लावून कागद वाचले. एक वर्क परमिट होतं आणि एक करार, अर्धा तिकडच्या भाषेत आणि अर्धा इंग्रजीत. पदाच्या जागी लिहिलं होतं, उत्पादन विभागातील अकुशल मदतनीस. खाली एक कलम होतं की परमिटमध्ये नमूद पदाशिवाय दुसरं काम कामगार करणार नाही आणि मालक करून घेणार नाही. त्याखाली हेही होतं की पद किंवा मालक बदलायचा तर नवं परमिट लागेल.

"वेल्डर नाही लिहिलेलं," मी म्हणालो.

"ठाऊक हाय. वेल्डरचं काढायचं तर दाखला लागतो. आपला दाखला तुम्हाला ठाऊकच."

लताबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आप्पा, हेल्परचंच काम करावं लागंल का मग तिथं? हे ऐकणार नाय. ह्यांचा हात शिवशिवतो."

सावळीराम हसला. "अगं, आत जायपुरता कागद हाय तो. रोहितभाऊ म्हणला, एकदा हात बघितला की आपोआप वेल्डिंगची टॉर्च देतात. सातपूरला काय झालं? झाडू मारायलाच गेलो व्हतो ना मी?"

मी ते कलम पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा अधिक स्पष्ट कळलं. मी सांगायला हवं होतं की सावळीराम, हे परमिट म्हणजे आपला हजेरीपट नव्हे, तिथे बहुतेक कागदावर जे आहे तेच काम असतं. पण मला 'बहुतेक'च्या पुढे खात्री नव्हती. आणि कागदाला महत्त्व दे, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, हाही प्रश्न होता. मी एवढंच म्हणालो, "इथे लिहिलंय की दुसरं काम करू नये."

"लिहिलेलं असतंच ओ, आप्पा," तो म्हणाला आणि फोल्डर बंद केलं.

लताबाईंची पोत मोडून एजंटचे पैसे भरले. मुंबईला व्हिसाची तारीख मिळायला आठ महिने गेले. २०२३ च्या दिवाळीनंतर तो गेला.

ज्या गावात होता त्याचं नाव त्याला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. कारखान्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनत. पहिला दीड महिना तो पत्रे उचलायचा आणि खाली पडलेली चुरी गोळा करायचा. मग एक वेल्डर आजारी पडला. सावळीरामने फोरमनला खुणेने सांगितलं, मी करू का? फोरमनने गंमत म्हणून टॉर्च दिली. तो मला फोनवर सांगत होता, "आप्पा, मी एक हातभर जोड मारला. तो म्हातारा फोरमन खाली वाकला, बोट फिरवलं, मग दुसऱ्या दोघांना हाक मारून आणलं. तिघं नुसते बघत व्हते. मला भिमाजींची आठवण आली."

त्या दिवसापासून तो वेल्डिंगवर. पगार मदतनिसाचाच, पण शनिवारी फोरमन थोडे वरचे पैसे हातात ठेवायचा. त्याने एक व्हिडिओ पाठवला होता. अंगात जाड जाकीट, डोक्यावर नवं हेल्मेट. "ह्याची काच आपोआप काळी हुती, बघा. खाली-वर करायला नको." मी त्याला इतका आनंदी पंधरा वर्षांत पाहिला नव्हता. मी लिहून पाठवलं, "छान." करारातलं ते कलम मला आठवत होतं. एवढ्या आनंदात कशाला, म्हणून मी ते लिहिलं नाही.

पुढच्या ऑगस्टमध्ये तपासणी झाली. त्याने परत आल्यावर माझ्या पडवीत बसून जसं सांगितलं तसंच लिहितो.

एक बाई आणि एक माणूस, दोघं गणवेशात आले. फोरमन लगबगीने आला आणि सावळीरामला हाताने बाहेर जायची खूण केली. त्याला भाषा कळत नव्हती, पण ही खूण तो एकोणीस वर्षं बघत आला होता. तो आवारात गेला, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि झाडायला लागला.

"म्हणजे तू बरोबर केलंस," मी मध्येच म्हणालो.

"ऐका तर. ती बाई माझ्याकडे आली, आप्पा. बाहेर आली! आपल्याकडे साहेब कधी शेडात आला का? ती येऊन माझ्यापुढे उभी राहिली. फोन काढला, फोनात काहीतरी बोलली आन् फोन हिंदीत बोलला. आप क्या काम करते हैं."

लताबाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगा की. हेल्पर म्हणायचं सोडून काय दिवे लावले ते सांगा आप्पांना."

"तू गप. आप्पा, मला वाटलं, ही सरकारी बाई हाय. कामगारांसाठीच आली असंल. मालक कमी पगार देतो का बघायला. मी खरं सांगितलं तर ही माझा कागद नीट करून देईल. अन् खरं सांगू का? कोणी विचारलंच नव्हतं कधी. मी म्हटलं, वेल्डर."

"मग?"

"मग ती म्हणली, दाखवा. मी झाडू ठेवला अन् तिला आत घेऊन गेलो. हा जोड माझा, ही ट्रॉली माझी, ती पलीकडची समदी माझीच. ती फोटो काढत व्हती. मी एका ट्रॉलीजवळ हात ठेवून उभा राहिलो. नीट यावा फोटो म्हणून."

फोरमन मागे उभा होता. त्याने कपाळाला हात लावला होता, हे सावळीरामला नंतर आठवलं.

तिथल्या कायद्याप्रमाणे परमिटमधल्या पदापेक्षा वेगळं काम करणं म्हणजे बेकायदा काम. मालकाला दंड झाला असेल, त्याचं मला माहीत नाही. सावळीरामला एक हुकूम मिळाला. तीस दिवसांत देश सोडायचा आणि एक वर्ष परत यायचं नाही. कारखान्यातल्या कोणी त्याच्याशी भांडण केलं नाही. फोरमनने निघताना त्याला हातमोज्यांची एक नवी जोडी दिली. सप्टेंबरच्या शेवटी तो मुंबईला उतरला आणि बसने नाशिकला आला.

कॉलनीत लोक बोललेच. "आला का पोलंडचा पाव्हणा?" असं पानटपरीवरून ओरडायचे. एकाने विचारलं, "झाडू तिकडचा बरा का आपला?" सावळीराम हसून पुढे जायचा. रात्री जेवत नाही, असं लताबाई म्हणाल्या.

डिसेंबरात तो पुन्हा रोहितकडे गेला. रोहितने हात वर केले नाहीत, चहा पाजला म्हणे. "काका, तुमचंच चुकलं, बोलायचं कशाला? पण वर्ष संपल्यावर आपण थेट वेल्डरचं परमिट काढू. फक्त अनुभवाचा कागद पाहिजे. कंपनी देत नसेल तर तिथल्या जुन्या जबाबदार माणसाचं प्रतिज्ञापत्र चालून जाईल."

म्हणजे माझं. सावळीराम माझ्याकडे आला आणि पहिल्यांदाच त्याने स्पष्ट शब्दांत काही मागितलं. "आप्पा, तुम्ही टाइम ऑफिसात व्हते. तुम्ही लिहून दिलं की हा माणूस वेल्डर व्हता, तर तुमचा शब्द पक्का. दुसरं कोण सांगणार? भिमाजी तर गेले."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. दोन दिवस बसून कच्चा मसुदा लिहिला. सावळीराम निरभवणे याने २००४ च्या अखेरीपासून वेल्डर म्हणून काम केले, ते मी स्वतः पाहिले आहे, हजेरीपटात त्याच्यासह बावीस जणांपुढील 'हेल्पर' ही नोंद मी ठेकेदाराच्या सांगण्यावरून करत होतो. तो वाचून मला बरं वाटलं. कित्येक वर्षांत असं बरं वाटलं नव्हतं.

कोर्टाच्या आवारात गेलो. वकील तरुण होता, झाडाखाली टेबल टाकून बसला होता. सावळीराम आधार कार्डाच्या झेरॉक्स काढायला रस्त्यापलीकडे गेला. वकिलाने मसुदा वाचला, पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "काका, हे तुम्हाला कोणी लिहून दिलं?"

"मीच लिहिलं."

"तुम्ही शपथेवर सांगताय की पंधरा वर्षं तुम्ही खोटा पट लिहिला. बावीस माणसांची मजुरी बुडाली त्यात. उद्या हा कागद कोणी कामगार खात्यात दिला, तर ठेकेदार हात झटकेल. तुमचं नाव राहील. चालेल का? चालत असेल तर मी लगेच करून देतो."

मला आता वाटतं, काय झालं असतं? मी पासष्टीच्या पुढे आहे. पेन्शन कोणी बंद केली नसती, ती असते तरी केवढी. पण त्या खुर्चीत बसल्यावर घरी बायको एकटी आहे, मुलगा पुण्याला आहे, पोलीस घरी आले तर शेजारी काय म्हणतील, असलं सगळं एकदम डोक्यात आलं. मी मसुदा उचलला आणि खिशात घातला.

सावळीराम झेरॉक्स घेऊन आला. "झालं का, आप्पा?"

"वकील म्हणतो, असा कागद चालत नाही," मी म्हणालो. "कंपनीचाच लागतो."

वकील हे ऐकत होता. त्याने मान दुसरीकडे फिरवली.

"असंय व्हय," सावळीराम म्हणाला. मग मलाच धीर दिला. "राहू द्या. तुम्ही आले एवढं, लय झालं. चला, रस घेऊ." त्याने मला उसाचा रस पाजला आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

त्यानंतर पाच-सहा महिने मी त्याच्या गल्लीकडून जाणं टाळलं. या जूनमध्ये तो स्वतःच घरी आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. मागे मुलगी तेजस्विनी होती, ती आता कॉलेजात आहे. सिन्नरच्या बाजूला मुसळगावला एका शेडमध्ये त्याला नोकरी लागली होती. त्याने नेमणुकीचं पत्र माझ्या हातात दिलं. पदाच्या जागी वेल्डर होतं.

"दाखला कुठून आणलास?" मी विचारलं. माझा आवाज मला चोरट्यासारखा वाटला.

त्याने पाकिटातून एक कागद काढला. प्लास्टिकमध्ये घालून पक्का केलेला. वर गरुडाचं चिन्ह, खाली गोल शिक्का आणि सही, मध्ये तिकडच्या भाषेतला दाट मजकूर. एका ओळीत एक शब्द पिवळ्या शाईने रंगवला होता. तो देश सोडून जाण्याचा हुकूम होता.

"ही म्हणाली," त्याने मुलीकडे बोट केलं, "की पप्पा, यात लिहिलंय बघा. कागदावर फोन धरून मराठीत वाचून दाखवलं हिने. काय गं?"

तेजस्विनी खाली बघत म्हणाली, "सदर परदेशी व्यक्ती वेल्डर म्हणून काम करताना आढळली. असं आहे, आजोबा."

"ट्रायल तर मी पास झालोच व्हतो. मॅनेजर म्हणला, फाइलला लावायला काहीतरी सर्टिफिकेट द्या. मी हे दिलं. शिक्का बघितला त्याने. म्हणला, अरे वा, पोलंडला व्हते का? किती दिवस? मी म्हटलं, दहा महिने. झेरॉक्स काढून घेतली, संपलं."

"त्याने वाचलं तर?"

"कोण वाचतंय? अन् वाचलं तरी मी खोटं काय दाखवलं? मी म्हणलो का, हे सर्टिफिकेट हाय? त्याने मागितलं, मी कागद दिला. त्यात लिहिलंय ते खरंच हाय ना, आप्पा?"

खरंच होतं. फोन धरणारा एखादा माणूस त्या ऑफिसात कधीही निघेल, हेही खरं होतं, आणि तेजस्विनीच्या चेहऱ्यावरून तिला ते माहीत आहे हे दिसत होतं. त्याला मात्र दिसत नव्हतं, किंवा बघायचं नव्हतं. तो नेमणुकीच्या पत्राची घडी पुन्हा पुन्हा नीट करत होता.

माझ्या बायकोने पेढा माझ्या हातावर ठेवला. मी तो बराच वेळ तसाच धरून बसलो.

"खा की, आप्पा," सावळीराम म्हणाला. "तुमच्या कागदाचं जमलं नाय, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमचा काय दोष त्यात?"

मी पेढा खाल्ला. वकील काय म्हणाला होता, ते त्याला सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्याची कंपनीची बस सुटायची वेळ झाली होती आणि तो उठला.